आधी भिंत, मग चित्र : गावातल्या चावडीपासून ओसरीपर्यंत कला कशी निवडावी, कशी लावावी

सेवाग्रामला बापूकुटीत गेलात तर भिंतींपाशी जरा थांबा. मातीच्या भिंतीवर ताडाची झाडं उठावात काढलेली दिसतील, चरखा दिसेल, ॐ दिसेल. हे काम गांधीजींच्या शिष्या मीराबेनचं. जी माती भिंतीची, तीच झाडांची. वेगळी चौकट नाही, खिळा नाही, काच नाही. भिंत सारवली की झाडंही सारवली जातात. जागेसाठी कला निवडायची म्हणजे काय, हे मला कुठल्याही वर्गात कळलं नाही इतकं त्या भिंतीपुढे कळलं.

मी चित्रकला शिकवतो. शाळा, ग्रामपंचायत, दवाखाना, दुकान, कुणाचं नवं घर, असं कुठून ना कुठून बोलावणं येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मास्तर, इथं कोणतं चित्र लावू?" त्याचं उत्तर लगेच देऊ नये, हे मी एका शाळेच्या भिंतीवर शिकलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तीस फूट लांबीची भिंत रंगवली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पोळ्यापर्यंत अर्धं चित्र पापुद्रे सुटून खाली आलं होतं. खाली जुना चुना होता आणि भिंतीला ओल होती. चित्रात खोट नव्हती, भिंत मी पाहिली नव्हती. मुलांनी महिनाभर खपून केलेलं काम होतं ते. त्याचं वाईट अजून वाटतं.

जागेत एक दिवस बसा

वही, पेन, मोजपट्टी घ्या आणि जागेत सकाळ, दुपार, संध्याकाळ काढा. नुसता फेरफटका मारू नका, बसा. आपल्याकडे विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पश्चिमेच्या भिंतीवर दुपारनंतर हात ठेववत नाही. पावसाची झड बहुतेक नैऋत्य आणि पश्चिमेकडून येते. म्हणजे पश्चिमेची भिंत ऊन आणि पाऊस दोन्ही झेलते. बाहेरच्या चित्रासाठी उत्तरेची किंवा पूर्वेची भिंत मिळाली तर ती आधी घ्या.

मग माणसं बघा. कोण येतं, कुठे टेकतं, किती वेळ थांबतं, बसल्यावर तोंड कुठे होतं? ग्रामपंचायतीत दाखल्यासाठी आलेला माणूस अर्धा तास बाकावर बसतो आणि त्याची नजर समोरच्या भिंतीवर असते. आपण मात्र चित्र लावतो सरपंचांच्या खुर्चीमागे. दवाखान्यात पेशंट खाली मान घालून बसतो. एसटीच्या थांब्यावर माणूस रस्त्याकडे बघतो, मागच्या भिंतीकडे पाठ असते. तिथे चित्र काढायचंच असेल तर ते समोरून येणाऱ्या एसटीतल्या लोकांसाठी काढावं लागतं, म्हणजे मोठं आणि थोडक्या आकारांचं.

अंतरही मोजा. चित्र अंगावर न येता एका नजरेत मावायचं तर त्याच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर बघणारा असावा. अरुंद गल्लीत वीस फुटी दृश्य काढलं तर लोकांना फक्त बैलाचे पाय दिसतात. अक्षरं असतील तर दर १० फुटांना १ इंच उंची धरा. चाळीस फुटांवरून वाचायचं नाव चार इंची हवं.

आपल्याजवळ काय आहे ते आधी शोधा

विदर्भातल्या कित्येक शाळांवर, सभागृहांवर वारली चित्रं दिसतात. गेरूवर पांढरे त्रिकोण, तारपा, फेर धरून नाचणारी माणसं. वारली ही ठाणे-पालघरकडची थोर परंपरा. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली. पण मेळघाटातल्या कोरकू मुलाच्या शाळेवर तारपा वाजत असेल आणि त्याच्या घरचं एकही चिन्ह भिंतीवर नसेल, तर त्या मुलाला आपण काय सांगतो आहोत, याचा विचार करायला हवा. हेच गोंड चित्रांचं. ठिपक्या-रेषांनी भरलेली, आज 'गोंड चित्र' म्हणून विकली जाणारी शैली मध्य प्रदेशातल्या पाटनगढच्या जनगढ सिंह श्याम यांच्यापासून रूढ झाली. ती सुंदर आहे, जरूर लावा, पण "आमच्या गडचिरोलीची कला" अशी पाटी त्याखाली लावू नका.

मग आपलं काय? शोधायला लागलं की हाताला पुष्कळ लागतं.

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी घ्या. जवळजवळ प्रत्येक घरात एखादा असतो, काहींचे तर आजोबांच्या वेळचे. सुताराने एका ओंडक्यातून काढलेला, चाकांवरचा, शिंगांवरचा रंग उडालेला असा नंदी वर्षभर माळ्यावर पडून असतो. त्याच्याइतकं देखणं लाकूडकाम विकत घ्यायचं म्हटलं तर शोधावं लागेल. भंडाऱ्याकडे, मोहाडी-आंधळगावच्या पट्ट्यात करवतकाठी साडी विणली जाते. टसरचं, म्हणजे रानरेशमाचं अंग, काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, आणि तो काठ अंगाशी जोडायला तीन धोट्यांचं विणकाम. भद्रावतीचा ग्रामोदय संघ मातीकामासाठी ओळखला जातो. धारणी तालुक्यात लवाद्याचं संपूर्ण बांबू केंद्र आहे, चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवणारे पेंटर वडसा भागात भेटतात. महाल, जंगल, रस्ता असा वीस-पंचवीस फुटांचा देखावा सरसर उभा करणारा हा माणूस. मोठी भिंत रंगवायला शहरातून कुणाला आणण्याआधी त्याला विचारा. मोठ्या मापात काम करण्याची सवय त्याच्या हाताला असते, आर्ट स्कूलमधून नुकत्याच निघालेल्या मुलाला ती बहुधा नसते.

आणि वावरातली अवजारं. तिफण, डवरा, वखर, मोटेची चाकं. ट्रॅक्टर आल्यापासून ती गोठ्याच्या कोपऱ्यात पडून आहेत, त्यांना उधई खाते आहे.

काही गोष्टी मात्र उचलू नयेत. कोरकूंचे कोरीव लाकडी स्मृतिफलक एखाद्या रिसॉर्टच्या लॉबीत छान दिसतील, असं म्हणणारे मला भेटले आहेत. तो कुणाच्या तरी मेलेल्या बापाचा फलक असतो. गडचिरोलीतल्या माडियांच्या स्मृतिस्तंभांचंही तसंच. कोरीव कामच हवं असेल तर त्या कारागिराकडून त्याच्या मर्जीचा वेगळा विषय करवून घ्या.

गावाबाहेर पडलेल्या वीरगळी (लढाईत पडलेल्या वीरांचे स्मृतिदगड) आणि भंगलेल्या मूर्ती हा दुसरा नाजूक विषय. शंभर वर्षांहून जुन्या शिल्पाला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. असा दगड उचलून शोभेसाठी अंगणात रोवणं, त्याला ऑइल पेंट फासणं किंवा विकणं टाळा. नांगरताना, पाया खणताना काही निघालं तर तहसीलदारांना कळवा. पवनारला विनोबांना शेतात खणताना राम-भरत भेटीचं शिल्प सापडलं आणि ते तिथेच आश्रमात राहिलं. जिथे निघालं तिथेच त्याला अर्थ आहे. वीरगळीवरचा चुना काढून तिच्याभोवती स्वच्छ ओटा करायचा असेल तरी पुरातत्त्व विभागाला विचारून करा. गडचिरोलीतल्या मार्कंड्याच्या देवळांसारख्या संरक्षित स्मारकाजवळ काही उभारायचं असेल तर १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी लागते.

गावाची भिंत : परवानगीपासून शेवटच्या हातापर्यंत

सार्वजनिक भिंत कुणा एकाची नसते, म्हणून विषय ग्रामसभेत मांडा. शाळा असेल तर शाळा व्यवस्थापन समितीत. नुसतं "चित्र काढायचं आहे" असं सांगू नका, रंगीत कच्चं चित्र दाखवा. लोक बोलतात. एका गावात बायांनी सांगितलं की चित्रातली बाई विहिरीवरून पाणी आणताना दाखवू नका, आता नळ आले आहेत, आमच्या पोरी शाळेत जाताना दाखवा. चित्र बदललं आणि फार चांगलं झालं.

डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरलं, आपल्या शेजारच्या खानदेशात, फैजपूरला. सजावट नंदलाल बोस यांनी केली, ती तिथल्याच बांबूत आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या सामानात. एवढं मोठं काम जवळच्या सामानावर उभं राहिलं. आपल्या कमानी, फलक, रंगमंच ठरवताना फ्लेक्सचा फोन करण्याआधी हे आठवावं.

आता भिंतीचं काम. यात घाई केली की सगळं पाण्यात.

१. ओल तपासा. दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर भिंतीत पाणी आहे. पत्रा, पन्हाळ, टाकी, जिथून पाणी येतं ते आधी बंद करा. लोणा (क्षारांची पांढरी पूड) लागलेल्या भिंतीवर कोणताही रंग टिकत नाही.

२. नवं प्लास्टर असेल तर किमान २८ दिवस थांबा.

३. तळहात भिंतीवर घासा. पांढरा झाला तर चुना आहे. तारेच्या ब्रशने खरवडा, धुवा, वाळू द्या. अ‍ॅक्रिलिकचा थर चुन्याला धरत नाही, चुन्यासकट सुटतो. माझी भिंत अशीच गेली.

४. भेगा भरा, बाहेरच्या कामाचा प्रायमर मारा. मग एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन हात. १ लिटरमध्ये दोन हातांनी साधारण ५० ते ६० चौरस फूट होतं. तीस फूट बाय दहा फुटांच्या भिंतीच्या पायाला ५ ते ६ लिटर धरा, चित्राचे रंग वेगळे.

५. खालचे तीन फूट चित्रासाठी धरू नका. तिथे पावसाचे शिंतोडे उडतात, सायकली टेकतात, बकऱ्या अंग घासतात. तिथे गेरूचा पट्टा द्या. जुन्या घरांना तो होता, आणि दरवर्षी शंभर-दोनशे रुपयांत नवा करता येतो.

६. कच्च्या चित्रावर चौकटी आखा, भिंतीवर तेवढ्याच एक फुटी चौकटी चुन्याच्या दोरीने पाडा आणि एकेक चौकट उतरवा. यात मुलांना घ्या. कुणाची चौकट कुठली, हे त्यांच्या लक्षात मोठेपणीही राहतं.

काम दिवाळी ते होळीच्या मधलं. उन्हाळ्यात भिंत तापलेली असते, ब्रश फिरवेपर्यंत रंग वाळतो आणि थर एकमेकांना धरत नाहीत. पावसाळ्याचं तर बोलायलाच नको. रंग निवडताना गेरू, पिवळी माती असे लोहाचे मातकट रंग जास्त वापरा, ते उन्हात वर्षानुवर्षं टिकतात. झगझगीत गुलाबी आणि स्वस्त लाल-पिवळे सर्वांत आधी उडतात.

पुतळ्याबद्दल दोन शब्द, कारण मागणी बहुधा त्याचीच असते. पुतळा बसवायला जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, आधी मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. हे सगळं करायचं तर पैसे, वेळ आणि पुढच्या देखभालीची जबाबदारी धरूनच करा. यवतमाळ, अमरावती, अकोल्याकडच्या काळ्या मातीत पाया हा मोठा प्रश्न आहे. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि मुरमापर्यंत न गेलेला चौथरा दोन-तीन वर्षांत कलतो. मला विचाराल तर वडाच्या पाराला मातीच्या फरशा बसवून त्यावर गावातली झाडं, पाखरं, अवजारं उठावात करवून घ्या. लोक तिथे बसतील, पोरं त्यावरून हात फिरवतील.

दुकान, दवाखाना, ढाबा, होमस्टे

कृषी सेवा केंद्राच्या चारही भिंती कंपन्यांच्या पोस्टरांनी भरलेल्या असतात. एक भिंत मोकळी करा आणि तिथे जुनी तिफण आडवी टांगा. शेतकरी स्वतःहून तिच्याशी बोलायला लागतो. लाकूड लावण्याआधी कडक उन्हात वाळवा, उधईचं औषध आतल्या भोकांत सोडा, वरून जवसाचं तेल द्या. वार्निशने चकचकीत करू नका. मुठीवरचा घासलेला गुळगुळीतपणा हीच तिची शोभा. टांगायला लोखंडी कंस भिंतीत पक्के बसवा, खाली माणसं बसतात.

दवाखान्यात घाबरलेली माणसं बसतात. शरीराचे आतले अवयव दाखवणारे तक्ते तपासणीच्या खोलीत ठेवा. बाहेर ओळखीचं, शांत काहीतरी हवं : पळसाचं झाड, तळ्यावरचे बगळे, धानाची बांधी. एका भिंतीवर एकच, मोठं. बाकावर बसलेल्याच्या डोळ्यासमोर म्हणजे मध्य जमिनीपासून चार फुटांवर. ढाब्यात तेलाचा धूर असतो, तिथे कापड आणि कागद नको. भाजलेल्या मातीच्या, चकाकी दिलेल्या फरशा किंवा ऑइल पेंटने रंगवलेला पत्रा लावा, ओल्या फडक्याने पुसता येतो.

ताडोबाच्या मोहर्ली, कोलारा गेटकडच्या होमस्टेंमध्ये प्रत्येक भिंतीवर वाघ. पाहुणा वाघ बघायलाच आला आहे, तो त्याला जंगलात दिसेल. खोलीत गावाची वस्तू ठेवा : बांबूची सुपं-टोपल्या ओळीने, करवतकाठीचा पट्टा, अंगणात सड्यावरची रांगोळी. प्रत्येकाखाली छोटी पाटी : करणाऱ्याचं नाव, गाव, सामान, साल. मराठीत, दोन फुटांवरून वाचता येईल अशा अक्षरात. नाव नसलेली वस्तू पाहुण्याला बाजारातली वाटते. नाव दिसलं की तो विचारतो, हे कुठे मिळतात? आणि कारागिराकडे पोचतो. बांबू घेताना बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडची प्रक्रिया झाली आहे का, विचारा. नसेल तर वर्षभरात खाली पिवळी भुकटी पडू लागते, म्हणजे किडा आत शिरला.

घर

घरात नियम कमी आणि ऐकणं जास्त. यवतमाळकडे एका घरी मी एक निसर्गचित्र पुस्तकातल्या मापाने लावून दिलं. मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंच, उभ्या माणसाच्या नजरेचं माप. घरातली आजी म्हणाली, "मास्तर, हे चित्र उभ्या माणसायसाठी हाय. मले त दिवसभर खालीच बसा लागते." बरोबरच होतं. आपल्या ओसरीत, सपरीत माणसं सतरंजीवर, बाजेवर बसतात. तिथे चित्राचा मध्य ४० ते ४५ इंचांवर घ्या. दिवाणावर लावायचं तर पाठीपासून ६ ते ८ इंच वर, आणि चित्राची किंवा चित्रांच्या गटाची रुंदी दिवाणाच्या दोन तृतीयांश.

खिळ्याआधी भिंत ओळखा. मातीच्या भिंतीत खिळा धरत नाही. जुनी खुंटी वापरा, नाहीतर तुळईपासून दोरीने सोडा. विटांच्या भिंतीत ड्रिल करून प्लास्टिकची गिट्टी ठोका आणि स्क्रू बसवा. चौकटीला मागून दोन ठिकाणी बाटलीच्या बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात वारा खेळतो.

कूलरच्या झोतासमोर कागदाचं चित्र कधीच नको. पुस्तकं पावसाळ्याच्या दमटपणाबद्दल बोलतात, पण आपल्याकडे बंद खोलीत चार महिने कूलर चालतो आणि ऐन मे महिन्यात चित्राला बुरशी धरते. देवळीतला दिवा, चूल, थेट ऊन यांपासूनही लांब. कागदावरच्या आणि कापडाच्या कामाला उजेड मंद हवा. पिवळसर एलईडी चालेल, चित्राच्या बोकांडी बसवलेला फोकस नको.

चौकट करताना काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये दोन इंच रुंदीचा माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची किनार घ्या. तो आम्लरहित असेल तर कागद पिवळा पडत नाही. आजीची करवतकाठी लावायची असेल तर ती गोंदाने चिकटवू नका. सुती कापडावर बारीक टाक्यांनी शिवा, मग चौकटीत. कापता कामा नये. घडी करून फक्त काठ आणि पदराचा भाग दाखवता येतो. घडी वर्षातून एकदा बदला, नाहीतर त्याच रेषेवर टसर चिरतं.

गेलेल्या माणसांचे फोटो हा प्रत्येक घरातला खरा संग्रह. ते छताला टेकवून, तिरपे, वाळलेल्या हारांखाली असतात. खाली घ्या, पुसा, मूळ फोटो स्कॅन करून प्रत लावा आणि मूळ कपाटात ठेवा. एकाच भिंतीवर एकत्र, नावासकट. मी हे केलेल्या घरांत लहान मुलं पणजोबांचं नाव विचारायला लागली आहेत. जुन्या घरात राजा रविवर्मांच्या छापखान्याची ओलिओग्राफ (तैलचित्राची रंगीत छापील प्रत) निघाली तरी असंच करा. त्यांनी मुंबईत १८९४ मध्ये छापखाना काढला. चौकट उघडण्याआधी मागचा कागद आणि छापील ओळ बघा, घाईत फेकू नका.

आणि नंदी माळ्यावरून खाली आणा. कोनाड्यात ठेवा.

पैसे आणि कागद

कारागिराला साहित्याचे पैसे आणि निम्मी मजुरी आधी द्या. प्रवास, जेवण, मुक्काम वेगळा धरा. "नाव होईल" हा मोबदला नव्हे. एक पानी करार करा : माप, सामान, मुदत, पैसे कधी, खराब झालं तर दुरुस्ती कोण करणार, चित्र पुढे कॅलेंडरवर किंवा पिशव्यांवर छापता येईल का, आणि त्याचं नाव भिंतीवर कुठे येणार. सही दोघांची.

कायदाही कलाकाराच्या बाजूने आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये न विचारता काढलं गेलं, त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तेव्हा पंचायतीने चित्र पुसून नवं काढायचं ठरवलं तरी आधी त्या चित्रकाराला कळवा. इंटरनेटवरून उतरवलेलं चित्रही तसंच कुणाचं तरी असतं. आपल्याकडे चित्राचा कॉपीराइट कलाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, त्यांची चित्रं मोकळी आहेत, हयात चित्रकाराची नाहीत.

वर्षभराची निगा

मृग लागण्याआधी पन्हाळी साफ करा, कागदाची चित्रं बाहेरच्या भिंतीवरून आतल्या भिंतीवर घ्या. भर पावसात महिन्यातून एकदा चौकटींच्या मागे हात घाला : बुरशी, मातीचा बारीक बोगदा, पाकोळीचं घरटं. दसऱ्याला सगळं खाली काढून कोरड्या मऊ फडक्याने पुसा. काचेवर पाणी शिंपडू नका, ओलं फडकं फिरवा. बाहेरच्या भिंतीला दिवाळीनंतर साध्या पाण्याने धुवा आणि उडालेले ठिपके भरा.

त्यासाठी रंगांचे शेड नंबर, कंपनी, प्रायमर, काम केल्याची तारीख आणि चित्रकाराचा फोन पंचायतीच्या किंवा शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवा, सोबत प्रत्येक रंगाचा एक ठिपका कागदावर लावून. ग्रामसेवक बदलतात, मुख्याध्यापक बदलतात. चार वर्षांनी नव्या माणसाने वही उघडली की त्याला तोच गेरू, तोच हिरवा दुकानात मागता आला पाहिजे.